कीबोर्डखालची चिठ्ठी: ऑफिससाठी पासवर्डचे नियम कसे ठरवावेत

नारायण पेठेतल्या एका ऑफिसात मला पहिल्यांदा बोलावलं ते प्रिंटर जोडायला. वायर सरळ करायला कीबोर्ड उचलला, तर खाली पिवळी चिठ्ठी. तिच्यावर एकाखाली एक खोडलेले अकरा पासवर्ड: मोरया@०१, मोरया@०२, मोरया@०३. शेवटचा, न खोडलेला, मोरया@१२. अकाउंट्स सांभाळणाऱ्या काकू ओशाळल्या. म्हणाल्या, "अहो ताई, दर महिन्याला नवीन कुठून आणू? जुना टाकला तर कॉम्प्युटर आतच सोडत नाही."

काकूंची यात काहीच चूक नव्हती. त्यांच्यावर नियम लादला होता: किमान आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि दर तीस दिवसांनी बदल. त्यांनी तो तंतोतंत पाळला. पण ज्या चोराला मार्चमधला पासवर्ड मिळाला, त्याला डिसेंबरमधला ओळखायला एक मिनिटही लागलं नसतं. बदलाच्या सक्तीमुळे सुरक्षा वाढली नाही, फक्त चिठ्ठी वाढली.

मी पुण्यातल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. सीएंची ऑफिसं, भोसरी एमआयडीसीतली वर्कशॉप्स, पतपेढ्या, क्लासेस. दहा ते साठ माणसं, वेगळा आयटी विभाग नाही, आणि "कॉम्प्युटरचं कळतं" म्हणून एखाद्याच्या गळ्यात सगळं पडलेलं. तो एखादा तुम्ही असाल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. लेखातले नमुना पासवर्ड मी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत टाइप होतात.

आधी: जुना नियम आला कुठून

हे माहीत असलेलं बरं, कारण नियम बदलायला निघालात की साहेब किंवा ऑडिटर विचारणारच. कॅपिटल, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल हा सल्ला जगभर पसरला तो मुख्यतः अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका दस्तऐवजातून. तो लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये वर्तमानपत्राला मुलाखत देऊन त्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी एनआयएसटीने आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या शिफारस केलेल्या सेटिंग्जमधून मुदतीची अट काढून टाकली.

ऑगस्ट २०२५ मध्ये एनआयएसटीची चौथी आवृत्ती आली आणि भाषा आणखी ठाम झाली. अक्षर-आकडा-चिन्हांच्या मिश्रणाची सक्ती करायची नाही. ठरावीक मुदतीने बदलायला लावायचं नाही, मात्र पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर बदलायलाच लावायचा. पासवर्ड हीच एकमेव कडी असेल तर किमान १५ अक्षरं. जोडीला दुसरी पडताळणी (पासवर्डनंतर मागितला जाणारा ओटीपी वगैरे) असेल तर किमान ८. कमाल मर्यादा निदान ६४ अक्षरांची ठेवावी, आणि नेहमी वापरले जाणारे व आधी फुटलेले पासवर्ड नाकारावेत.

एक अपवाद आहे. हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीचे तुम्ही व्हेंडर असाल, तर त्यांच्या सुरक्षा-प्रश्नावलीत "पासवर्ड ९० दिवसांनी बदलता का?" हा प्रश्न हमखास येतो. कार्ड पेमेंटची माहिती हाताळत असाल तर पीसीआय डीएसएसचे नियम लागतात. त्यात किमान १२ अक्षरं आहेत, आणि पासवर्ड हीच एकमेव कडी असेल तर ९० दिवसांच्या बदलाचा पर्यायही आहे. करारात लिहिलेलं असेल तर पाळा, पण फक्त त्या कामाच्या खात्यांपुरतं. एका ग्राहकाच्या अटीसाठी सगळ्या ऑफिसाला चिठ्ठ्या लिहायला लावू नका.

पायरी पहिली: खात्यांची वही

नियम कोणत्या दारांना लावायचा हे ठरवण्याआधी दारं मोजा. एखाद्या शनिवारी दुपारी, फोन कमी असताना, ऑफिसभर फिरून लिहून काढा. ईमेल सगळ्यात वर लिहा, कारण बाकी बहुतेक ठिकाणचा "पासवर्ड विसरलात?" ईमेलवरच येतो, ईमेल गेला की सगळंच गेलं. मग विंडोजची लॉगिन्स, टॅली, बँकेची कॉर्पोरेट लॉगिन्स, जीएसटी, आयकर, टीडीएस आणि पीएफची पोर्टलं, डोमेन (वेबसाइटचं आणि ईमेलचं नाव) जिथून घेतलं ते खातं, वेबसाइटचं होस्टिंग, वाय-फाय राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, बॅकअपची हार्ड डिस्क किंवा एनएएस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी).

प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: हे खातं कोण वापरतं, एकटा वापरतो की अनेकजण, आणि त्याचा रिसेट कुठल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर जातो. तिसऱ्या रकान्यात धक्के बसतात. एका वर्कशॉपमध्ये कंपनीच्या डोमेनचं खातं चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या खासगी ईमेलवर निघालं. तो भला होता, फोन केल्यावर लगेच बदलून दिलं. तो परदेशात गेला असता किंवा रागावून गेला असता, तर वेबसाइट आणि ईमेल दोन्ही अडकले असते. वहीत पासवर्ड मात्र लिहायचे नाहीत, फक्त खाती.

पायरी दुसरी: नियम ठरवा, आणि मोजकेच

माझ्या सगळ्या ऑफिसांसाठी मी एकच पानभर नियम वापरते. पहिला लांबीचा. दुसरी पडताळणी चालू असलेल्या खात्याला किमान १२ अक्षरं, आणि ती शक्य नसेल तिथे किमान १५. आठ अक्षरांवर एनआयएसटीच्या हिशेबाने भागत असलं तरी मी थांबत नाही, कारण दुसरी पडताळणी कधी ना कधी कुणीतरी "थोड्या दिवसांसाठी" बंद करतंच.

दुसरा नियम मुदतीचा: मुदत नाही. पासवर्ड बदलायचा तो चार प्रसंगी. कुणाला सांगितला गेला, फसव्या लिंकवर टाकला गेला, मोबाइल किंवा लॅपटॉप हरवला, किंवा ज्या सेवेतून माहिती फुटली तिथे तोच पासवर्ड होता. हे चार प्रसंग नियमात शब्दशः लिहा. "आवश्यकतेनुसार" असं लिहिलंत तर कुणीच बदलणार नाही.

तिसरा: ऑफिसचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही नाही. खरेदीच्या साइटवर नाही, सोसायटीच्या ॲपवर नाही. फुटलेल्या याद्यांतला ईमेल आणि पासवर्ड घेऊन तीच जोडी शेकडो ठिकाणी लावून बघणं ही आज खाती जाण्याची नेहमीची वाट आहे, आणि त्या वाटेवर तुमच्या पासवर्डची लांबी काही कामाची नाही.

चौथा नियम नाकारायच्या शब्दांचा, आणि तो तुम्हीच बनवायचा आहे. जगभरच्या सामान्य पासवर्डांची यादी सॉफ्टवेअरकडे असते, पुण्याची नसते. मी ऑफिसात बसून जी यादी करते तिच्यात कंपनीचं नाव आणि त्याची लघुरूपं, मालकांचं आडनाव, पेठेचं नाव, ४११०३० सारखे पिनकोड, एमएच१२ आणि एमएच१४, ०२०, गणपती, बाप्पा, मोरया, दगडूशेठ, कसबा, सिंहगड, शिवनेरी, शिवराय, जय महाराष्ट्र, स्वामी, साई, माउली, विठ्ठल हे शब्द असतात. मनापासूनच्या श्रद्धेने लोक हे शब्द ठेवतात, त्यात गैर काही नाही. पण तुमच्या ऑफिसाच्या मागे लागलेला माणूस इथलाच असेल, तर तोही पहिल्यांदा हेच टाकून बघेल. शिवाय तो एका खात्यावर हजार पासवर्ड मारत बसत नाही. एकच "गणपती@१२३" घेऊन ऑफिसातल्या चाळीसही खात्यांवर एकेकदा लावतो. त्यामुळे कुठलंच खातं लॉक होत नाही आणि कुणाला सुगावाही लागत नाही.

शेवटचा नियम चुकीच्या प्रयत्नांचा. तीन चुकांत खातं लॉक करणारं ऑफिस मी पाहिलं आहे. तिथे रोज सकाळी कुणीतरी बाहेर बसलेलं असायचं. दहा चुका आणि पंधरा मिनिटांचं लॉक पुरेसं आहे. पासवर्ड बदलल्यावर एखाद्याचं खातं सारखं लॉक होऊ लागलं, तर त्याच्या मोबाइलमध्ये जुना पासवर्ड साठवलेला आहे का ते आधी बघा. खिशातला फोन बिचारा दर काही मिनिटांनी जुनाच पासवर्ड पाठवत असतो.

पायरी तिसरी: लक्षात राहील असा लांब पासवर्ड, मराठीतून

"पंधरा अक्षरं" म्हटलं की ऑफिसात कुजबुज सुरू होते. म्हणून नियम सांगायच्या आधी पद्धत शिकवा. या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

पद्धत जुनी आहे: फासे टाकायचे आणि यादीतून शब्द उचलायचे. इंग्रजीत ७,७७६ शब्दांची तयार यादी मिळते, पाच फाशांची. पण काकूंना परकी वाटणारी इंग्रजी यादी त्या पुन्हा चिठ्ठीवरच लिहिणार. म्हणून मराठी यादी करा. चार वेळा फासा टाकला तर ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १,२९६ शक्यता होतात, तेवढे शब्द हवेत. मी माझी यादी दोन रविवारांत केली. आईला स्वयंपाकघरातले शब्द विचारले, आणि भोसरीतल्या एका फोरमनने हत्यारांची नावं दिली.

शब्द निवडताना मराठीची एक अडचण लगेच समोर येते: रोमनमध्ये आपण एकच शब्द चार तऱ्हांनी लिहितो. फूल कुणी एफने लिहितं, कुणी पीएचने. वांगी व्हीने की डब्ल्यूने? पाणी, शाळा, क्षण, ज्ञान, ऋतू यांचं तर विचारूच नका. आज एका स्पेलिंगने ठेवलेला पासवर्ड सोमवारी दुसऱ्या स्पेलिंगने टाइप होतो आणि खातं लॉक. म्हणून व किंवा फ असलेले, शेवटी दीर्घ ई-ऊ ओढणारे आणि ळ, क्ष, ज्ञ असलेले शब्द मी यादीतून काढून टाकले. दगड, तबला, मडकं, पकड, पतंग, नारद, कमान, सरबत, गरम, खडक असे शब्द राहिले. प्रत्येकापुढे एकच रोमन स्पेलिंग छापलेलं असतं आणि तेच वापरायचं.

मग फासा टाकायचा आणि जे येईल ते घ्यायचं. "हा नको, दुसरा" असं करायचं नाही, कारण आवडीचं निवडलं की सगळे पुन्हा गणपतीकडे वळतात. समजा आलं "पतंग-कमान-सरबत-खडक". सरबत पिऊन पतंगाची कमान खडकावर आपटली, असं काहीतरी विचित्र चित्र मनात रंगवा. दोन दिवसांत पाठ होतं. हाच नमुना मात्र वापरू नका, तो आता छापला गेला.

हिशेब करून बघू. १,२९६ शब्दांतून चार शब्द योगायोगाने उचलले तर सुमारे २.८ लाख कोटी जोड्या होतात. उलट, समजा पाच हजार नावं, त्यांच्यापुढे पाचपैकी एखादं चिन्ह आणि तीन आकडे असा नेहमीचा साचा घेतला, तर फक्त अडीच कोटी होतात, आणि त्यातही १२३ सगळ्यात आधी. पाचवा शब्द जोडला की शक्यता आणखी १,२९६ पट. साध्या खात्याला दुसऱ्या पडताळणीसह चार शब्द. ॲडमिनला आणि पासवर्ड मॅनेजरच्या (सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं सॉफ्टवेअर) मुख्य पासवर्डला पाच किंवा सहा.

आरतीची ओळ, अभंगाचा चरण, म्हण किंवा गाण्याचा मुखडा घेऊ नका. लांबी भरते खरी, पण जे लाखो लोकांना पाठ आहे ते फोडणाऱ्यांच्या यादीतही असू शकतं. आणि देवनागरीतच पासवर्ड ठेवावा का, असं मला अनेकजण आवडीने विचारतात. मलाही तसं करता आलं असतं तर आनंद झाला असता. पण गूगलच्या खात्याला साधी रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हंच चालतात, आणि विंडोजच्या लॉगिनच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड ऐनवेळी हाताशी नसतो. तोवर शब्द मराठी, अक्षरं रोमन.

सिस्टिमने मिश्रण मागितलंच तर पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि शब्दांमध्ये आडवी रेघ. लहान अक्षर, मोठं अक्षर आणि चिन्ह मिळून चारपैकी तीन प्रकार झाले. विंडोज डोमेन (ऑफिसची सगळी लॉगिन्स एका सर्व्हरवरून चालवणारी व्यवस्था; वेबसाइटच्या नावाचं डोमेन वेगळं) आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ दोघांचं त्यात समाधान होतं.

पायरी चौथी: नियम प्रत्यक्ष सेट करणे

गूगल वर्कस्पेस असेल तर ॲडमिन कन्सोलमध्ये सिक्युरिटी, मग ऑथेंटिकेशन, मग पासवर्ड मॅनेजमेंट. तिथे एन्फोर्स स्ट्राँग पासवर्डवर खूण करा, किमान लांबी १२ टाका (८ ते १०० पर्यंत आकडा चालतो), पुन्हा तोच पासवर्ड वापरू देणारी खूण काढा आणि एक्स्पिरेशन नेव्हर ठेवा. खाली "पुढच्या साइन-इनला नियम लावा" अशा अर्थाची खूण आहे. ती केली नाहीत तर जुने छोटे पासवर्ड बदलेपर्यंत तसेच चालत राहतात. डावीकडे ऑर्गनायझेशनल युनिट (खात्यांचा गट) निवडता येतं, त्याचा उपयोग करा: आधी चार माणसांच्या युनिटवर लावून बघा. बदल पोचायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे लगेच दिसलं नाही म्हणून पुन्हापुन्हा खुणा बदलत बसू नका.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये सर्व्हर नसून फक्त क्लाउडवरची खाती असतील, तर किमान लांबी ८ ठरलेली आहे आणि ती तुम्हाला वाढवता येत नाही. हे माहीत नसल्याने लोक तासन्‌तास सेटिंग शोधतात. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. एक, ॲडमिन सेंटरमध्ये सेटिंग्ज, ऑर्ग सेटिंग्ज, सिक्युरिटी अँड प्रायव्हसी इथे पासवर्डची मुदत कधीच संपणार नाही असं ठेवणं. दोन, एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या खाती सांभाळणाऱ्या सेवेचा पी१ परवाना असेल तर वर सांगितलेली पुणेरी यादी बंदी घातलेल्या शब्दांत टाकणं. एक हजार शब्दांपर्यंत जागा आहे, प्रत्येक शब्द ४ ते १६ अक्षरांचा, आणि ए च्या जागी @ किंवा ओ च्या जागी शून्य घातलं तरी ती यादी शब्द ओळखते. तीन, दुसरी पडताळणी सगळ्यांना सक्तीची करणं. लांबीची कसर इथे या तिसऱ्या गोष्टीनेच भरून निघते.

ऑफिसात विंडोज सर्व्हर आणि डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंटमध्ये डिफॉल्ट डोमेन पॉलिसी उघडा: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, पॉलिसीज, विंडोज सेटिंग्ज, सिक्युरिटी सेटिंग्ज, अकाउंट पॉलिसीज. मूळ सेटिंग ७ अक्षरं आणि ४२ दिवसांची मुदत असं असतं. मुदतीला ० टाका, म्हणजे मुदतच नाही. हिस्टरी २४ ठेवा, म्हणजे आधीचे २४ पासवर्ड पुन्हा चालत नाहीत. रिव्हर्सिबल एन्क्रिप्शन (पासवर्ड परत वाचता येईल असा साठवणं) बंदच राहू द्या. इथे एक चूक मी स्वतः केली होती: अकाउंट्स विभागाच्या युनिटला वेगळी पॉलिसी जोडली आणि ती त्यांच्या डोमेन लॉगिनला लागली असं समजून निर्धास्त राहिले. ती लागत नाही. डोमेन खात्यांचे पासवर्डचे नियम डोमेनच्या पातळीवरूनच घेतले जातात. युनिटला जोडलेले नियम फक्त त्या मशीनवरच्या लोकल खात्यांना लागतात. एखाद्या गटाला वेगळा नियम हवा असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरमधून फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी करा आणि ती सिक्युरिटी ग्रुपला जोडा. जुन्या सर्व्हरवर नेहमीच्या पॉलिसीत १४ च्या वर लांबी टाकता येत नाही, या मार्गाने १५ आणि त्याहून अधिक टाकता येते.

सुटे कॉम्प्युटर असतील, म्हणजे डोमेन नाही, तर विंडोज प्रोवर लोकल सिक्युरिटी पॉलिसीमध्ये हेच सगळं आहे. होम आवृत्तीत ती खिडकी नसते. प्रत्येक मशीनवर रोजच्या वापराचं खातं साधं ठेवा आणि ॲडमिनचं वेगळं. निदान एवढं तरी कराच.

टॅलीत वापरकर्त्यांसाठी पासवर्ड पॉलिसी कंपनीच्या मेनूतूनच लावता येते. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड मात्र वेगळी गोष्ट आहे: तो डेटा कुलूपबंद करतो, आणि विसरलात तर परत मिळवायचा मार्ग नाही. तो लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्याशिवाय चालू करू नका. राउटर, डीव्हीआर आणि हजेरी मशीनचा कंपनीतून आलेला पासवर्ड आजच बदला. लावून गेलेल्या माणसाने तो ॲडमिन-ॲडमिनच ठेवलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे.

पायरी पाचवी: दुसरी पडताळणी

ओटीपी एसएमएसने येतो तो काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा, पण सिम दुसऱ्याच्या नावे फिरवून घेण्याचे प्रकार होतात, त्यामुळे फोनवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप त्याहून बरं. ॲडमिन खात्यांना सिक्युरिटी की (कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) किंवा पासकी (फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्येच साठवलेली डिजिटल किल्ली) द्या. ओटीपी खोट्या साइटवरही टाकला जाऊ शकतो. पासकी खऱ्या साइटशीच बोलते, त्यामुळे माणूस फसला तरी ती फसत नाही. गूगलमध्ये सक्ती चालू करायची तारीख पुढची टाकता येते. सगळ्यांना दोन आठवडे द्या. काहींकडे साधा फोन असतो. शिपाईकाकांच्या खात्यासाठी स्मार्टफोन घ्यायला लावू नका. त्यांना छापील बॅकअप कोड द्या किंवा ऑफिसने एक सिक्युरिटी की विकत घ्यावी.

पायरी सहावी: अनेकांचं एक खातं

"सेल्सचा पासवर्ड काय गं?" असं ज्या ऑफिसात मोठ्याने विचारलं जातं, तिथे वरचे सगळे नियम व्यर्थ जातात. सेल्स किंवा अकाउंट्स नावाच्या ईमेलसाठी वेगळं लॉगिन नकोच. गूगलमध्ये ग्रुप किंवा डेलिगेशन, मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स करा. प्रत्येकजण आपापल्या पासवर्डने आत येतो आणि कोणी काय पाठवलं ते दिसतं.

जीएसटीसारख्या पोर्टलांचं मात्र तसं होत नाही. एका क्लायंटचं एक लॉगिन, आणि सीएच्या ऑफिसात ते चार आर्टिकल्सना, म्हणजे शिकाऊ मुलांना, लागतं. अशा ऑफिसांत एक्सेलची "पासवर्ड मास्टर" फाइल असते आणि ती पेनड्राइव्हवरून घरीही जाते. दोनशे क्लायंटांची कुलपं एका फाइलीत. तिच्याऐवजी पासवर्ड मॅनेजर घ्या: ऑनलाइन चालणार असेल तर बिटवॉर्डनसारखा, सगळं ऑफिसातच ठेवायचं असेल तर मोफत कीपास. क्लायंटनिहाय फोल्डर करा, आर्टिकलला त्याच्या कामापुरतंच दाखवा. ब्राउझरमधला मॅनेजर खऱ्या पत्त्यावरच पासवर्ड भरतो. तो भरत नसेल तर हाताने टाइप करायच्या आधी पत्ता नीट वाचायचा, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. पोर्टलांच्या लांबीच्या आणि चिन्हांच्या अटी तुमच्या हातात नाहीत, म्हणून तिथला पासवर्ड मॅनेजरलाच बनवू द्या. तो कुणी पाठ करायची गरजच नाही.

पायरी सातवी: विसरलेले, आलेले, गेलेले

"साहेब बोलतोय, मीटिंगमध्ये आहे, पटकन पासवर्ड बदलून दे" असा फोन येईल. कुणाचाही असो, फोन ठेवायचा आणि वहीत नोंदलेल्या नंबरवर आपण परत लावायचा. हा नियम मालकांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगावा, म्हणजे त्यांना परत फोन करणाऱ्या मुलीला बोलणी बसणार नाहीत. तात्पुरता पासवर्ड प्रत्येक वेळी नवा आणि पहिल्या लॉगिनला बदलायला लावणारा असावा; "वेलकम@१२३" नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा हे सुरक्षा-प्रश्न बंद करा. आपल्याकडे ती माहिती लग्नपत्रिकेत आणि फेसबुकवर मिळते.

कुणी नोकरी सोडली तर शेवटच्या दिवशी संध्याकाळी खातं सस्पेंड करा, डिलीट नको. मेल आणि फाइली लागतात. त्यांना माहीत असलेले सामायिक पासवर्ड त्याच दिवशी बदला, वाय-फायसह. माणूस कितीही चांगला असो. उद्या काही झालं तर संशय त्याच्यावर येऊ नये, यातच त्याचाही मान आहे.

पायरी आठवी: ऑफिसला सांगणे

तारीख जपून निवडा. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, आणि गणपतीचे दहा दिवस. या काळात कुणाचंही खातं अडकवू नका. मी सहसा २२ ते २७ च्या दरम्यानचा दिवस घेते. सगळ्यांना एकदम बदलायला लावू नका. रोज आठ-दहा जण, आणि त्या वेळेत तुम्ही तिथे हजर.

सुरुवातीला एकच वाक्य सांगा: "आता दर महिन्याला बदलायचा नाही." पुढचं सगळं लोक आनंदाने ऐकतात. मग फासे बाहेर काढा. नारायण पेठेतल्या त्या ऑफिसात काकूंनी स्वतः फासे टाकले, चार शब्द आले, आणि त्या हसत सुटल्या. पहिले तीन दिवस शब्द लिहिलेला कागद पाकिटात ठेवायला मी परवानगी देते, नोटांशेजारी. आपण पैसे जपतो तसा तोही जपला जातो. चौथ्या दिवशी फाडायचा.

आणि पासवर्ड फुटला तर

ऑफिसचं डोमेन तुमचंच असल्याचं सिद्ध केलं की "हॅव आय बीन पोन्ड" ही सेवा त्या डोमेनचे कुठले ईमेल फुटलेल्या माहितीत आहेत ते कळवते. नोंदणी करून ठेवा. एखाद्याने फसव्या पानावर पासवर्ड टाकलाच, तर त्याने लगेच सांगावं यासाठी त्याला रागावायचं नाही, हे आधीच जाहीर केलेलं असू द्या. लपवलेला एक तास महागात पडतो.

मग क्रमाने: दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला. सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करा, नाहीतर चोर आधीच्याच लॉगिनवर आत बसलेला राहतो. ईमेलमधले फॉरवर्डिंगचे नियम आणि फिल्टर तपासा; "इन्व्हॉइस" शब्दाचे मेल गुपचूप बाहेर पाठवणारा फिल्टर मी दोनदा पाहिला आहे. रिसेटचा मोबाइल आणि ईमेल बदललेला नाही ना ते बघा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. ग्राहकांची वैयक्तिक माहिती तुमच्याकडे असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

आता फक्त लिफाफा राहिला. ॲडमिनची दोन खाती हवीत, दोन वेगळ्या माणसांकडे, आणि तिसरं आणीबाणीचं, जे रोज कुणीच वापरत नाही. त्याचे सहा शब्द आणि बॅकअप कोड कागदावर लिहून, लिफाफा सीलबंद करून, मालकांची सही घेऊन लॉकरमध्ये ठेवा. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये मशीनं पुसून झेंडूची फुलं वाहतात, कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागतं. त्याच दिवशी मी लिफाफा मागवून घेते, मालकांसमोर त्या खात्याने लॉगिन करून बघते, पहिल्या पायरीतली वही उघडून गेलेल्यांची नावं खोडते, आणि नवे सहा शब्द टाकून लिफाफा परत लॉकरमध्ये पाठवते.